बोट हलले की सूर बदलला पाहिजे

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी तारपा ऐकला असेल. डहाणू-तलासरीकडे भाताची कापणी आटोपली की पाड्यापाड्यावर तो घुमू लागतो. वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा, त्याला जोडलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, असे हे साधे वाद्य. ते शिकवण्याचे वर्ग सहसा भरत नाहीत आणि हाती पाठ्यपुस्तकही नसते. तरीही मुले ते शिकतात. कसे शिकतात? नळीवरचे बोट उचलले की सूर बदलतो आणि बदललेला सूर त्याच क्षणी कानावर पडतो. चुकले तर चूक कानच सांगतो. मग बोट पुन्हा हलते, पुन्हा सूर ऐकू येतो, आणि असे करता करता एक दिवस मुलगा वाजवू लागतो.

आता अशी कल्पना करा की कोणी एक विचित्र तारपा बनवला आहे. आज वाजवला तर त्याचा सूर पुढच्या गुरुवारी ऐकू येतो. आज कोणते बोट कोठे होते हे पुढच्या गुरुवारी कोणाला आठवणार? अशा वाद्यावर जन्मभर बसले तरी कोणी वादक होणार नाही.

तुम्ही म्हणाल, असले वाद्य कोण कशाला बनवील? पण संगणकाची आज्ञावली लिहायला आपण मुलांना शिकवतो ते बहुतेक ठिकाणी असल्याच वाद्यावर. आज वहीत लिहायची, पुढच्या आठवड्यात तास मिळाला आणि वीज असली तर संगणकावर चढवायची, आणि काही दिसले नाही तर घंटा होईपर्यंत चूक शोधायची. ही पद्धत बदलली पाहिजे आणि ती बदलण्यास फारसा पैसा लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तेच आज तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडावयाचे आहे.

अकरा आज्ञावल्या, एकही चाललेली नाही

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रथम वर्षाच्या मुलांना मी एक सोपे काम देतो. वरून सोडलेल्या दगडाची उंची दर दशांश सेकंदाला किती राहते, ते संगणकाकडून काढून घ्यावयाचे. एकदा तलासरीच्या बाजूने आलेल्या एका विद्यार्थ्याने दहा मिनिटांत सबंध आज्ञावली कागदावर लिहून दिली. अक्षर सुवाच्य, प्रत्येक कंस आणि अर्धविराम जागच्या जागी. मी म्हणालो, "छान! आता चालवून दाखव." तो संगणकासमोर बसला आणि तसाच बसून राहिला.

विचारपूस केल्यावर समजले, की बारावीपर्यंत त्याने प्रयोगवहीत अकरा आज्ञावल्या उतरवल्या होत्या. प्रत्येकीखाली तिचे उत्तरही लिहिले होते. मात्र ते उत्तरसुद्धा फळ्यावरून उतरवलेले होते. त्या अकरांपैकी एकही त्याने चालताना पाहिली नव्हती. "सर, ती चालली की काय होते हे मला माहीत नाही," हे त्याने फार प्रामाणिकपणे सांगितले. शाळेला तरी दोष कसा द्यावा? एका खोलीत चार संगणक, त्यांतले दोन बंद आणि मुले साठ. शिक्षकाने करावे तरी काय?

दगड खाली पडताना कधीच न पाहता पडणाऱ्या दगडाचे सूत्र पाठ करावे, तशी ही गोष्ट झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून आज्ञावली-लेखनाची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. चांगली गोष्ट आहे. पण ओळख अशीच व्हायची असेल तर ती जितकी उशिरा होईल तितके बरे, असे म्हणण्याची पाळी येईल.

हे अंतर आले कोठून?

एके काळी ही दिरंगाई यंत्राचीच होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळच्या अशा यंत्रांवर काम करावयाचे म्हणजे आज्ञा जाड कागदी पत्त्यांवर भोके पाडून नोंदवावयाच्या, पत्त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यावयाचा आणि आपली पाळी येऊन छापील उत्तर हाती पडेपर्यंत वाट पाहावयाची. एक स्वल्पविराम चुकला तर सबंध फेरी फुकट. यंत्र एकच आणि वापरणारे अनेक, तेव्हा दुसरा इलाज नव्हता.

पण त्याच सुमारास काही शिक्षकांनी या दिरंगाईवर उपाय शोधण्यास प्रारंभ केला होता. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १९६४ साली 'बेसिक' ही भाषा सुरू झाली. १९६७ साली 'लोगो' आली. लोगोमध्ये मुलाने "पुढे जा, उजवीकडे वळ" असे सांगितले की एक यांत्रिक कासव तसे चालत असे. पुढे हेच कासव पडद्यावर आले. १९८४ साली भारत सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून काही निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे छोटे संगणक दिले. आजच्या मानाने त्यांची स्मरणशक्ती हास्यास्पद होती. पण बटण दाबताच ते जागे होत आणि तुमच्या आज्ञेची वाट पाहत. एक ओळ लिहा, कळ दाबा, उत्तर समोर. बोट हलले की सूर बदलला!

गंमत पाहा. यंत्रे पुढे हजारो पटींनी वेगवान झाली, पण नवशिक्या मुलाच्या दृष्टीने मात्र आपण एक पाऊल मागे आलो. आज आज्ञावली शिकण्यासाठी सर्वांत सहज मिळणारे साधन म्हणजे ब्राउझर. तो प्रत्येक संगणकात आणि प्रत्येक फोनमध्ये असतो. अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयातही वेबपान बनवणे आणि जावास्क्रिप्ट भाषा यांचा समावेश आहे. पण लिहावयाचे एका खिडकीत, म्हणजे एडिटरमध्ये, आणि पाहावयाचे दुसऱ्या खिडकीत, म्हणजे ब्राउझरमध्ये. या दोन शेजाऱ्यांचे एकमेकांशी बोलणे नाही. लिहा, जतन करा, खिडकी बदला, पान पुन्हा उघडा, पाहा, परत या. सराईत माणसाला यात काही वाटत नाही. नवख्या मुलाचे लक्ष मात्र या धावपळीतच संपते. आपण कोणता आकडा बदलला होता हेच तो विसरतो.

तेव्हा प्रश्न असा, की या दोन शेजाऱ्यांमध्ये बोलणे सुरू कसे करून द्यावयाचे?

तीन पायऱ्या

पहिली पायरी अगदी घरगुती आहे. वेबपानाच्या माथ्यावर एक ओळ लिहून ब्राउझरला सांगता येते, की दर दोन सेकंदांनी हे पान स्वतःच पुन्हा उघड. या सोयीला 'मेटा रिफ्रेश' म्हणतात. तिला दुसरे कोणतेही साधन लागत नाही. तोटा एवढाच, की तुम्ही काही बदलले असो वा नसो, पान दर दोन सेकंदांनी डोळे मिचकावत राहते. दारात उभे राहून "पत्र आले का, पत्र आले का" असे सारखे विचारणाऱ्या माणसासारखे.

दुसरी पायरी अधिक शहाणपणाची आहे. ती समजण्यासाठी ब्राउझरचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. ब्राउझर विचारतो आणि सर्व्हर उत्तर देतो, हा मूळचा रिवाज. सर्व्हरला आपण होऊन ब्राउझरला हाक मारता येत नाही. जोडकार्डाची पद्धत जुन्या मंडळींना आठवत असेल. तुम्ही कार्ड धाडले तरच त्याला जोडलेल्या कोऱ्या कार्डावर उत्तर येणार! ही अडचण 'वेबसॉकेट' या पद्धतीने दूर केली. तिचे प्रमाणित रूप २०११ साली ठरले. यात ब्राउझर एकदाच संपर्क साधतो आणि तो तोडत नाही. टेलिफोन लावून रिसिव्हर उचललेलाच ठेवावा तसे. मग दोन्ही बाजूंना हवे तेव्हा बोलता येते.

आता एक छोटी आज्ञावली पहारेकरी म्हणून बसवावयाची. ती तुमच्या फाइलवर नजर ठेवते. आधुनिक कार्यप्रणाली "ही फाइल आत्ता बदलली" अशी वर्दी स्वतःच देऊ शकतात. लिनक्समध्ये ही सोय २००५ पासून आहे. वर्दी मिळताच पहारेकरी उघड्या तारेवरून ब्राउझरला एकच शब्द सांगतो, "बदलले!" आणि ब्राउझर पान ताजे करतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये 'लाइव्ह सर्व्हर' नावाची जोड बसवली आणि आपोआप जतन होण्याची सोय सुरू केली, की हे सारे घडते. तुम्ही एका बाजूला लिहीत राहावयाचे आणि दुसऱ्या बाजूला पाहत राहावयाचे. जुन्या, कमी शक्तीच्या संगणकावर ईमॅक्ससारखा हलका एडिटर घेऊनही हे साधते.

तिसरी पायरी त्याहून धाडसाची. येथे सबंध पान पुन्हा उघडत नाहीत. एडिटरमधला हवा तेवढाच तुकडा, एखादे सूत्र किंवा एखादा आकडा, उघड्या तारेवरून ब्राउझरला धाडतात आणि चालू असलेल्या आज्ञावलीतच तो बसतो. ईमॅक्ससाठी २०१२ साली तयार झालेले 'स्क्यूअर' हे साधन असेच काम करते. चालत्या गाडीचे चाक बदलावे तसा हा प्रकार आहे! परदेशांत काही कलावंत या पद्धतीने रंगमंचावर, श्रोत्यांसमक्ष, आज्ञावली लिहीत संगीत वाजवतात. लिहिता लिहिता सूर बदलतो. आपल्या तारप्याच्या अगदी जवळची ही गोष्ट, नाही का?

या साऱ्यात एक गोष्ट आपल्या भागाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. यासाठी इंटरनेट लागत नाही. एडिटर, पहारेकरी आणि ब्राउझर तिघेही एकाच संगणकात राहतात. पत्ता असतो 'लोकलहोस्ट', म्हणजे "मी स्वतःच". साधने एकदा पेनड्राइव्हवरून आणून बसवली, की डोंगरापलीकडच्या पाड्यावर नेटवर्कची एकही दांडी नसली तरी काम अडत नाही. वर्गात एखादा साधा वाय-फाय राउटर असला, तर शिक्षकाने एका संगणकावर केलेला बदल मुलांच्या जवळच्या जुन्या फोनांवरही दिसतो, आणि त्यासाठीही बाहेरचे इंटरनेट नको. फक्त एक पथ्य पाळावे. आलेला मजकूर जो मुकाट्याने अमलात आणतो असा दरवाजा आपल्या वर्गापुरताच उघडा ठेवावा, चव्हाट्यावर नव्हे.

भूकंप किती दूर?

पण नुसते रंग आणि चेंडू हलवण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. म्हणून आपल्याच भागातले एक उदाहरण घेऊ.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी हे नाव तेव्हा वृत्तपत्रांत रोज येत असे. धक्के बहुतेक लहान, पण पुन्हा पुन्हा बसणारे आणि जमिनीखालून आवाज करणारे. ऐन थंडीत लोक घराबाहेर तंबूंत झोपले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने येथे भूकंपमापक यंत्रे बसवली. त्या दिवसांत मुले विचारीत, "सर, हा धक्का किती लांबून आला, हे कसे कळते?"

याचे उत्तर नववीच्या मुलालाही समजेल असे आहे. भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी वेगवान. खडकातून त्या सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जातात. दुय्यम लहरी मागाहून येतात. त्यांचा वेग सुमारे ३.५ किलोमीटर. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, तसेच हे. दोहोंच्या येण्यात जितका जास्त वेळ जाईल तितका भूकंप दूर. अंतर काढण्यासाठी दोन्ही वेगांचा गुणाकार करावयाचा, त्याला वेगांच्या वजाबाकीने भागावयाचे आणि आलेल्या संख्येने मधल्या वेळेला गुणावयाचे. ६ गुणिले ३.५ म्हणजे २१, भागिले २.५ म्हणजे ८.४. याचा अर्थ मधला प्रत्येक सेकंद म्हणजे ८.४ किलोमीटर.

ही चार ओळींची आज्ञावली आहे. ब्राउझरच्या पडद्यावर तालुक्याचा एक साधा नकाशा काढा. भूकंपमापकाच्या जागी एक ठिपका द्या आणि त्याभोवती, आलेल्या अंतराएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ. आता एडिटर ब्राउझरला जोडलेला आहे. मधला वेळ २ सेकंद लिहा. वर्तुळ १६.८ किलोमीटरचे होते. १ लिहा. ते आकसून निम्मे होते. आता वेळ पुन्हा २ करा आणि दुय्यम लहरींचा वेग ३.५ ऐवजी ३ करून पाहा. वर्तुळ १२ किलोमीटरवर येते. म्हणजे खडकाचा वेग आपण थोडासा चुकीचा धरला तर उत्तर जवळजवळ ५ किलोमीटरांनी चुकते! हे वाक्य पुस्तकात वाचले तर डोळ्यांखालून निघून जाते. वर्तुळ डोळ्यांदेखत आकसते तेव्हा ते मनात बसते.

आणखी दोन ठिकाणची मापके घ्या. तीन वर्तुळे काढा. ती एका बिंदूत मिळतील अशी अपेक्षा असते, पण मिळत नाहीत. का? कोणीतरी मूल म्हणेल, "सर, भूकंप जमिनीवर थोडाच होतो, तो खाली होतो!" बरोबर. आपण काढलेले अंतर तिरके आहे. तिरके अंतर १० किलोमीटर आणि खोली ६ किलोमीटर असेल, तर नकाशावरचे अंतर पायथागोरसच्या नियमाने ८ किलोमीटरच येते. खोलीसाठी एक नवी ओळ लिहा. खोलीचा आकडा वाढवत जा. तिन्ही वर्तुळे हळूहळू आकसत एकमेकांजवळ येतात आणि एका खोलीला ती जवळजवळ एका ठिकाणी मिळतात. तेथे भूकंपाची जागाही कळली आणि खोलीही. ज्या मुलाने रात्री अंथरुणात तो धक्का अनुभवला आहे, त्याला हे पाहताना काय वाटत असेल याचा विचार करा. भीतीच्या जागी प्रश्न येतो आणि प्रश्नाच्या मागे गणित येते.

एक सोयही सांगून ठेवतो. जावास्क्रिप्ट भाषेत राशींची नावे देवनागरीत लिहिता येतात. वेग, अंतर, खोली अशी सरळ मराठी नावे द्या. घरी वारली बोलणाऱ्या मुलाने आपल्या बोलीतले शब्द द्यावेत. भाषेचे मूळ शब्द इंग्रजी राहतात आणि संख्या इंग्रजी आकड्यांतच लिहाव्या लागतात, पण विचार आपल्या भाषेत करता येतो. हे पुष्कळ शिक्षकांना माहीत नसते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

माझ्या काही सहकाऱ्यांना ही पद्धत पसंत नाही. त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही, म्हणून ते येथे देतो.

पहिला आक्षेप असा, की उत्तर लगेच दिसू लागले म्हणजे मुले विचार करणे सोडतात. आकडे उलटसुलट करून पाहतात आणि काहीतरी जमले की खूश होतात. पत्त्यांच्या गठ्ठ्याच्या काळी माणूस दहादा विचार करून लिहीत असे. यात तथ्य आहे. पण यावर उपाय सूर उशिरा ऐकवणे हा नव्हे. मी मुलांना एक नियम घालून देतो. आकडा बदलण्याआधी आपला अंदाज वहीत लिहावयाचा. वर्तुळ वाढेल की कमी होईल? किती? मग बदलावयाचे आणि पाहावयाचे. अंदाज चुकला तर का चुकला ते एका वाक्यात लिहावयाचे. वही राहिलीच, पण तिच्यात आता फळ्यावरून उतरवलेले उत्तर नसते. मुलाचा स्वतःचा विचार असतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला तो चटकन पटतो. पडद्यावर एक चेंडू हवेत उडाला आहे. तो अर्ध्या वाटेवर असताना तुम्ही गुरुत्वीय त्वरण ९.८ वरून चंद्रावरचे १.६ केले. तिसऱ्या पायरीची पद्धत वापरली तर चेंडू तेथूनच पुढे चंद्रावरच्यासारखा तरंगू लागेल. दिसायला मजा येते, पण हा मार्ग पृथ्वीवरचाही नाही आणि चंद्रावरचाही नाही. अर्धा जुन्या नियमाने, अर्धा नव्या! संगणकशास्त्रातही हीच अडचण येते. पडद्यावर चालले आहे ते फाइलमध्ये लिहिलेल्या आज्ञावलीशी जुळतेच असे नाही. म्हणून शाळेत माझी पसंती दुसऱ्या पायरीला आहे. प्रत्येक बदलानंतर पान नव्याने सुरू होते, आणि प्रयोग पहिल्यापासून होतो. तिसरी पायरी पुढे, जाणत्या मुलांसाठी. आणि कोणतीही पायरी असो, तास संपताना सारे बंद करून आज्ञावली कोरी सुरू करावयाची आणि तेच उत्तर येते का हे पाहावयाचे. प्रयोग पुन्हा केला तर तोच निष्कर्ष आला पाहिजे, हा विज्ञानाचा नियम येथेही लागू आहे.

तिसरा आक्षेप साधनांचा. संगणक कोठे आहेत? उत्तर असे, की साठ मुलांना साठ संगणक लागत नाहीत. चालू असलेला एक जुना संगणक आणि भिंतीवर चित्र दाखवणारा एक प्रोजेक्टर किंवा मोठा पडदा एवढ्यावर प्रारंभ करता येतो. एकाने लिहावे, बाकीच्यांनी अंदाज सांगावा, पाळी बदलत जावी. वर सांगितलेली साधने फुकट मिळतात. शिक्षकांना स्वतः शिकावयाचे असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मोफत साधनांवरचे पाठ मराठीतूनही ऐकण्या-पाहण्याची सोय केली आहे.

कोसबाडची शिकवण

हे सारे नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. डहाणू तालुक्यातच त्याचा एक मोठा धडा गिरवला गेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसरी पद्धतीचे मर्म असे, की साधनच मुलाला त्याची चूक दाखवते. लाकडी ठोकळ्यातल्या लहानमोठ्या भोकांत दट्टे बसवावयाचे असतात. एक दट्टा चुकीच्या भोकात गेला तर शेवटचा दट्टा बसतच नाही. बाईंना रागावावे लागत नाही. मूल स्वतःच काढते आणि पुन्हा लावते.

पण ही साधने महाग होती. ताराबाईंनी ती गरिबांच्या मुलांना परवडणार नाहीत म्हणून हात टेकले नाहीत. पाने, बिया, खडे, शिंपले यांतून त्यांनी तेच काम करून घेतले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा शाळा अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणारी मुले तेथेही येईनात, तेव्हा शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा.

ब्राउझरला जोडलेला एडिटर हे माझ्या दृष्टीने दट्ट्यांच्या ठोकळ्यासारखेच साधन आहे. चूक झाली की पडदा लगेच दाखवतो. तो रागावत नाही, गुण कापत नाही, आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करण्यास कंटाळत नाही. जुना संगणक, फुकटची साधने आणि इंटरनेटशिवायची जोडणी ही आपली पाने आणि खडे. ज्या टेकडीवरून अंगणवाडीची कल्पना देशभर पसरली, तिच्या पायथ्याच्या शाळांनी आज्ञावली फळ्यावरून उतरवून घ्यावी, हे मला तरी शोभत नाही असे वाटते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. या वर्षी एकच गोष्ट करून पाहा. मुलाने आज्ञावलीची पहिली ओळ लिहिली, की तिचा परिणाम त्याच तासाला, त्याच मिनिटाला त्याला दिसला पाहिजे, असा वर्गाचा नियम करा. दहा आज्ञावल्या कमी झाल्या तरी चालतील. प्रयोगवहीत चाललेल्या आज्ञावलीचेच उत्तर लिहू द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवण्यास सांगितले तर उतरवा, पण नम्रपणे एक प्रश्न जरूर विचारा. "सर, ही चालताना आम्हांला दाखवाल का?" चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी संगणकावर पहिला दगड टाकला. तो खाली पडण्याऐवजी वर गेला, कारण एक वजाचिन्ह राहिले होते. वर्ग हसला. तोही हसला, चिन्ह घातले, आणि दगड खाली पडला. मग कोणी न सांगता त्याने आकडा बदलून तो दगड चंद्रावर टाकून पाहिला.